एशियाटिकच्या पायऱ्यांवर सकाळचं ऊन येतच नाही, आणि ते बरंच आहे

प्रश्न जरा लांब होता म्हणून बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. प्रश्न विचारणाऱ्यांची चुलतबहीण कथक विशारद झाली, तिचे फोटो काढायचे म्हणून जानेवारीत दोघं पहाटेच्या लोकलने मुंबईत फोर्टात गेले, साडेसहाला एशियाटिक सोसायटीच्या (जुन्या टाउन हॉलच्या) पायऱ्यांवर हजर. ॲपवर सूर्योदय सव्वासातचा, म्हणून गोल्डन लाइटची वाट बघत साडेआठपर्यंत थांबले, तो काही आला नाही. मग घाईघाईत मरीन ड्राइव्हला गेले, समुद्र मागे ठेवून काढले, तर चेहरा काळा. आणि चक्करचे (गिरक्यांचे) १/१२५ सेकंदाच्या शटरवर जेवढे काढले तेवढे सगळे हललेले, त्यातले काही मला पाठवलेत. कॅमेरा साधा क्रॉप बॉडीचा (लहान सेन्सरचा), सोबत १८-५५ मिमी आणि ५० मिमी एफ/१.८ अशा दोन लेन्स. आता विचारतायत की ८५ मिमीची लेन्स घेऊ का आणि सेटिंग काय ठेवू.

सेटिंग सांगतो, पण खरी अडचण तिथं नाहीये. तुम्ही ज्या उन्हासाठी दोन तास थांबलात ते तिथं येणारच नव्हतं, आणि ज्या प्रकाशात उभे होतात तो नाच टिपायला उत्तम होता, तो तुम्ही वाट बघण्यात घालवलात.

कारण अगदी सरळ आहे. एशियाटिकचं तोंड पश्चिमेला, हॉर्निमन सर्कलकडे. सूर्य उगवतो इमारतीच्या पाठीमागे. पश्चिमेकडच्या भिंतीवर थेट ऊन दुपार झाल्याशिवाय पडत नाही, आणि जानेवारीत मुंबईत सूर्य माथ्यावर यायलाच पावणेएक वाजतो. म्हणजे अजून चार तास थांबला असतात तरी हाती काही लागलं नसतं. ॲप सूर्योदयाची वेळ बरोबरच दाखवतं हो, पण ती मोकळ्या क्षितिजाची, शहरात क्षितिज कुठे असतं? समोर तीस मीटरवर पंधरा मीटर उंच इमारत असेल तर सूर्य साधारण सव्वीस-सत्तावीस अंश वर चढल्यावरच तुमच्यापर्यंत पोचतो, आणि तो तासाला तेरा-चौदा अंश चढतो असं धरा, म्हणजे झाले दोन तास. तोवर ते ऊन सोनेरी वगैरे राहिलेलं नसतं, डोळे बारीक करायला लावणारं ऊन असतं.

म्हणून मी शहरात नाचणाऱ्यांचे फोटो काढताना उन्हाच्या भरवशावर राहतच नाही. आलं तर आलं. पश्चिमेला तोंड असलेली मोठी इमारत, तिच्यासमोर मोकळं आकाश, आणि सूर्य मागे लपलेला, यात होतं असं की अख्खं पश्चिमेचं आकाश एक भलीमोठी मऊ लाइट बनतं आणि ती समोरून चेहऱ्यावर पडते. नाकाखाली काळी सावली नाही, डोळ्यांत छान चमक, अंगरख्याचा रंग आहे तसा. असली लाइट स्टुडिओत उभी करायला मला दोन पोरं आणि अर्धा टेम्पो सामान लागतं.

मरीन ड्राइव्हला तुमचं उलटं झालं. समुद्र पश्चिमेला, तुम्ही तिकडे कॅमेरा लावलात, म्हणजे बहिणीचं तोंड इमारतींकडे, आणि इमारतींच्या मागे सूर्य, सगळी बाजू सावलीत. मागे समुद्रावरचं आकाश लख्ख. कॅमेऱ्याने ते आकाश बघून एक्स्पोजर ठरवलं, चेहरा गेला अंधारात. तिथं फक्त जागा बदलायच्या होत्या, तुम्ही समुद्राच्या कट्ट्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि तिला समुद्राकडे तोंड करायला सांगायचं, की चेहरा उजळला आणि मागे ती आर्ट डेको इमारतींची रांग सावलीत शांत पडलेली (२०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेलेली हीच ती रांग). हां, मधे रस्ता आहे, गाड्या येणार, त्याला इलाज नाही, सिग्नल पडला की काढायचं. आणि मुद्दाम सिल्हूटच (नुसती काळी आकृती) हवा असेल तर कॅमेरा समुद्राकडेच लावा पण मग चेहऱ्याची आशा सोडा आणि घेर फुललेला, हात अंगापासून सुटलेला असेल तेव्हाच बटण दाबा, नाहीतर सिल्हूटमध्ये माणूस आहे की सामानाचं गाठोडं ते कळत नाही.

जागेचं तोंड कुठे आहे ते फोनच्या कंपासवर बघायची सवय लावा. गेटवेला समुद्र पूर्वेकडे, तिथं सूर्य खरंच समोरून वर येतो, पण गर्दी, पोलीस, बॅग तपासणी हे सगळं धरून चाला. पुण्यात शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे, म्हणून जानेवारीत त्या भिंतीला सकाळी ऊन लागत नाही, पण मे-जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या जवळजवळ पंचवीस अंश उत्तरेला उगवतो तेव्हा तेच ऊन भिंतीला घासत तिरपं जातं आणि दगडाचा पोत असा उठून येतो की बास. एकच जागा, पण जानेवारीत वेगळी आणि मेमध्ये वेगळी. मी तर आधी एकदा त्याच वेळेला एकटा जाऊन येतो, हात समोर धरतो, तळव्यावर प्रकाश कसा पडतोय ते बघतो, गोल फिरतो. लोक बघतात, बघू दे.

आता मुख्य गोष्ट. कथकचा कार्यक्रम ज्या क्रमाने होतो त्याच क्रमाने शूट करा. विलंबितापासून द्रुतापर्यंत, म्हणजे संथ लयीपासून जलद लयीपर्यंत. आधी थाट (स्थिर पवित्रे), आमद (प्रवेशाचा तुकडा), मग गत-निकास (चालींचे तुकडे), आणि चक्कर, तत्कार (पदन्यास) सगळ्यात शेवटी. हे मी परंपरेच्या आदरापोटी सांगत नाहीये (तो आहेच), याला दोन चोख कारणं आहेत.

पहिलं प्रकाशाचं. जानेवारीत सातच्या सुमारास दिसायला छान उजेड असतो पण कॅमेऱ्याला तो कमीच. त्या वेळी १/५०० सेकंदाचा शटर मागितलंत तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) इतका वर न्यावा लागेल की फोटोत रवा पडेल. पण थाटात ती जवळजवळ स्थिर असते, फक्त मनगट, भुवई, मान. तिथं १/१२५ पुरतं. तुमची ५० एफ/२ वर ठेवा (एफचा आकडा जेवढा लहान तेवढा उजेड जास्त), आयएसओ १६००, काम होतं. पुढे सव्वासातनंतर उजेड भराभर वाढतो, तेव्हा एफ/२.८, १/५००, आयएसओ ८०० ते १६०० च्या मधे कुठेतरी बसतं. ढग, धूर, समोरच्या इमारती यावर हे एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) इकडेतिकडे होणार, आकडे पाठ करून जाऊ नका.

दुसरं कारण शरीराचं, आणि हे आपण फोटोग्राफर लोक विसरतो. ती साडेचारला उठलीये, लोकलमध्ये बसून आलीये, पोटात काही नाही, पाय गार. त्या पायांनी थंड दगडावर चक्कर घ्यायला सांगणं म्हणजे पोटरी धरायला लावणं. पंधरा-वीस मिनिटं तिला बूट घालूनच वॉर्मअप करू द्या, मग थाटाने सुरुवात, अंग हळूहळू तापतं, आणि बरोबर ज्या वेळी तुमच्या कॅमेऱ्याला १/५०० परवडायला लागतं त्याच वेळी तिचं अंग चक्करला तयार होतं. तुम्ही तिला दोन तास उन्हासाठी बसवून ठेवलंत, अंग परत थंड झालं, मग मरीन ड्राइव्हला पळवलंत आणि म्हणालात घे चक्कर. त्या फोटोत चक्कर चांगली आली असती तर मलाच नवल वाटलं असतं.

हललेल्या फोटोंचा हिशोब सांगतो, एकदा कळला की परत विसरत नाही. बऱ्यापैकी वेगात साधारण सेकंदाला एक चक्कर होते. हात पसरलेला असेल तर बोटं मध्यापासून सत्तर सेंटिमीटरवर, म्हणजे एका सेकंदात ती जवळजवळ साडेचार मीटर फिरतात. तुम्ही ठेवलेल्या १/१२५ ला बोटं साडेतीन सेंटिमीटर सरकली, १/५०० ला नऊ मिलिमीटर. चेहरा मात्र मध्याजवळ, तो १/१२५ ला अर्धाच सेंटिमीटर हलतो. म्हणून तुमच्या त्या तिसऱ्या फोटोत चेहरा ओळखू येतोय आणि हात पुसून टाकल्यासारखा दिसतोय. सगळं थिजवायचं तर १/१००० लागेल. पण मला विचाराल तर पूर्ण थिजवलेली चक्कर मेल्यासारखी वाटते, नाकडोळे स्पष्ट आणि घेराची कड जराशी विरघळलेली, तेवढं हलू द्यावं. किंवा मग सरळ १/१५ ला जा, कॅमेरा पायरीवर टेकवून, आणि वीस काढा, त्यातला एक लागतो. मधलं १/६० ते १/२०० हे ना धड इकडचं ना तिकडचं, ती चूकच वाटते.

वेग झाला, आता क्षण. इथं बर्स्टवर (बटण दाबून धरून सलग फोटो) फार विसंबू नका. सेकंदाला दहा फ्रेम म्हटलं तरी दोन फ्रेममधे एक दशांश सेकंद जातो आणि समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) मान लागते ती नेमकी त्या फटीत. शिवाय नंतर चौदाशे फोटोंतून निवडत बसा. बघून बटण दाबलंत तर डोळ्यापासून बोटापर्यंत पोचायला पाव सेकंद जातो, द्रुत लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाच्याही खाली असते, म्हणजे तुम्ही निम्म्याहून जास्त मात्रा उशिरा. उपाय एकच, मोजा. फोनवर तीनतालाचा लेहरा (ताल मोजायला फिरून फिरून वाजणारी धून) लावा, सोळा मात्रा, ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्, तिच्याबरोबर तोंडाने म्हणत राहा, तिहाई (तीनदा घेऊन समेवर येणारा तुकडा) कुठून उचलते ते दोनदा नुसतं बघा, कॅमेरा खाली ठेवून. तिसऱ्यांदा तुमचं बोट आपोआप समेवर पडतं. मी तबला शिकलो नाही, ताल मला एका कथकच्या ताईंनी चहा पिताना टेबलावर बोटांनी शिकवला, दहा मिनिटांत, आणि कुठल्याही लेन्सपेक्षा तो जास्त कामी आलाय. पुण्यात तर रोहिणीताई भाट्यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केल्यापासून कथक इतकं रुजलंय की दर चौथ्या घरात ताल सांगणारं कोणीतरी सापडेल, तुमच्या तर घरातच आहे.

यातली एक बारीक गंमत. समेवर ती थांबते, पण अंगरख्याचा घेर थांबत नाही. तो आणखी अर्धी मात्रा फिरत राहतो आणि मग पायांभोवती गुंडाळला जातो, ओढणीचं टोक खांद्यावरून मागून पुढे येतं. शरीर दगडासारखं स्थिर आणि कापड अजून हवेत, तो फोटो. म्हणून मी एक समेवर काढतो आणि लगेच एक ‘समेनंतर’. दहातले सात वेळा दुसराच ठेवतो. बहिणीला सांगा सम घेतल्यावर लगेच हसून ‘आला का?’ विचारू नकोस, दोन मात्रा तशीच राहा. सगळ्याजणी विचारतात.

भरतनाट्यम असेल तर हे सगळं जरा बदलतं, तिथं रेषा आणि कोन महत्त्वाचे, अरमंडी (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं) खाली बसलेली असते, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवरून लावलात तर अरमंडी चपटी दिसते आणि शिकवणाऱ्या ताई तुमच्यावर नाही, तिच्यावर चिडतील. दोन्हीत कॅमेरा कमरेच्या उंचीला आणि सरळ. पायऱ्यांवर ती वर आणि तुम्ही खाली असाल तर जास्त वर तोंड करून काढू नका, एशियाटिकला तीस पायऱ्या आहेत, तिला खालच्या चार-पाचातच ठेवा आणि तुम्ही जेवढं मागे जाता येईल तेवढं जा. आणि पाय कापू नका. नाचाचा फोटो पाय कापून काढलात तर तो तिला दाखवूसुद्धा नका.

यावरून ८५ चं उत्तर. क्रॉप बॉडीवर उभ्या फ्रेममध्ये हात वर केलेली पूर्ण आकृती बसवायला साधारण अडीच मीटर उंची धरा, ८५ ने त्यासाठी नऊ मीटर मागे जावं लागतं, ५० ने सव्वापाच. एशियाटिकसमोर नऊ मीटर मागे जाणं म्हणजे बसच्या वाटेत उभं राहणं. तुमच्याकडे आहे ती ५० च पूर्ण आकृतीला बरोबर आहे. ८५ चेहरा, हस्तक (हातांच्या हालचाली), अभिनयाला छान, पुढे कधी पैसे असतील तेव्हा घ्या. त्यापेक्षा आत्ता शंभर-दोनशे रुपयांचा थर्माकोल घ्या, पांढरा, तीन बाय दोन फुटाचा, तो गुडघ्याच्या उंचीला धरला की खालून हनुवटी आणि डोळे उजळतात.

तो धरायला तिसरं माणूस लागतं. ते तसंही न्याच. आई, मैत्रीण, कोणीही. सकाळी सहाला रिकाम्या रस्त्यावर एक मुलगी नटूनथटून आणि तुम्ही कॅमेऱ्यात तोंड घालून, बॅगेकडे कोणाचं लक्ष नाही, हे बरोबर नाही. कपडे बदलायला जागा नसते, म्हणून घरूनच अंगरखा घालून वर ढगळ शर्ट. बाथरूमची सोय कुठे आहे ते आधी विचारून ठेवा, हे लिहायला विचित्र वाटतं पण यावरून शूट अर्ध्यावर थांबलेलं मी बघितलंय. मेकअप स्टेजचा नको, त्या मऊ प्रकाशात पॅनकेक (स्टेजचा जाड बेस) पिठासारखा दिसतो, काजळ आणि लिपस्टिक नीट, बाकी हलकं.

आणि खराटा. हो, खराटा. बरीच वर्षं झाली, एका नदीकाठच्या घाटावर एका मुलीचे फोटो काढत होतो, प्रकाश अप्रतिम, मी भान विसरून ‘अजून एकदा, अजून एकदा’ करत होतो, आणि सातव्या की आठव्या चक्करला ती थांबली, खाली बसली, टाचेत बाटलीची काच. रक्त अळत्यात मिसळलेलं, आधी मला कळलंच नाही कुठलं काय. दोष कोणाचा, माझाच, मी जागा झाडली नव्हती. तेव्हापासून गाडीत खराटा असतो, पोचल्यावर पहिलं काम तीन मीटरचा गोल झाडून काढायचा, कबुतरांची विष्ठा असेल तर पाण्याने धुवायचा आणि पुसून कोरडा करायचा, नाहीतर घसरायला होतं. मग मी स्वतः अनवाणी त्यावर चालून बघतो. घुंगरू शेवटच्या टप्प्यात बांधायला सांगा, एकेका पायात शंभर-दीडशेचं वजन असतं, गार घोट्यावर ते नको. शिवाय बाणगंगेसारख्या जागी आजूबाजूला लोक राहतात, सहा वाजता घुंगरू ऐकवलेत तर वरून कोणीतरी बादली रिकामी करेल. आणि चक्करचे प्रत्येकी चार-पाच प्रयत्न, बास. दगडावर घासून तळवे भाजतात, ती सांगणार नाही, नाचणाऱ्या मुली सांगतच नाहीत, तुम्हीच मोजा.

परवानगीचं एकच एक उत्तर नाही. हातात कॅमेरा, दोन-तीन माणसं, घरगुती काम, तर बहुतेक ठिकाणी वॉचमनला नीट विचारलं की भागतं. ट्रायपॉड उघडला की मात्र तुम्ही ‘शूटिंगवाले’ झालात. पुरातत्त्व खात्याच्या जागा, रेल्वेची हद्द, गेटवेचा परिसर इथं नियम कडक आहेत, आणि पैसे घेऊन काम करत असाल तर रीतसर परवानगी काढाच. नाही म्हणाले तर वाद घालू नका, दुसरी जागा मनात ठेवूनच निघा, ती मरीन ड्राइव्हइतकी लांब नको.

एक राहिलं, मुंबईची दमट हवा. रात्री एसीत ठेवलेला कॅमेरा पहाटे बाहेर काढला की लेन्सवर धुकं बसतं, पुसलं तरी परत येतं. कॅमेरा आदल्या रात्री एसीच्या खोलीबाहेर ठेवा. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा आणि व्हाइट बॅलन्स शेडवर ठेवा, कारण सावलीतला प्रकाश निळा असतो आणि तिचे दागिने स्टीलचे वाटायला लागतात.

परत जाल तेव्हा वेळ साधारण अशी धरा, फेब्रुवारीच्या मध्यात सूर्योदय सातच्या थोडा नंतर असतो, तर सव्वासहाला पोचायचं, झाडायचं, वॉर्मअप, पावणेसातला थाट, सव्वासातला आमद आणि गत, साडेसातला घुंगरू आणि चक्कर, आठला बंद, कारण त्यानंतर फोर्टात ऑफिसवाले यायला लागतात. आठला ती पायरीवर बसून घुंगरू सोडायला लागेल, दोरी एका पायाच्या अंगठ्यात अडकवून, केस विस्कटलेले, तळवे काळे. तेव्हा लेन्सला झाकण लावू नका.